कवळाण्याचा गोपाळ आणि बडोद्याची बँक

आमच्या घरी एक जुने पासबुक आहे. आजीच्या लुगड्यांच्या ट्रंकेत, कापराच्या वड्यांशेजारी, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेले. त्यावर देना बँकेचे नाव आहे. १ एप्रिल २०१९ रोजी देना बँक आणि विजया बँक या दोन बँका बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या आणि काही महिन्यांनी आजीच्या हातात नवे पासबुक पडले. तिला वाचता येत नाही, पण अक्षरांचा घाट बदललेला तिच्या चटकन लक्षात आला. मी तेव्हा शाळेत होते. तिने मला नाव वाचायला लावले आणि विचारले, की हा बडोदा कोण? आपण पैसे ठेवले ते देनाकडे, मग हा मध्येच कुठून आला? बडोदा हे माणसाचे नाव नसून गावाचे नाव आहे, आपल्या बोईसरवरून जाणाऱ्या गाड्या त्याच गावावरून पुढे अहमदाबादला जातात, एवढे मी सांगू शकले. पण एका गावाची बँक आपल्या घिवलीच्या म्हातारीपर्यंत कशी आली, हे मला सांगता आले नाही.

आजीच्या प्रश्नामागे कारण होते. पुष्कळ वर्षांपूर्वी तिचे आणि तिच्याबरोबर बाजारात बसणाऱ्या आणखी काही बायकांचे पैसे एका भिशीत बुडाले होते. सुके बोंबील विकून पावसाळ्यासाठी साठवलेले पैसे. भिशी चालवणारी बाई एका रात्रीत गाव सोडून गेली आणि तेव्हापासून नाव बदलणे म्हणजे पैसे जाणे, असे समीकरण आजीच्या मनात पक्के बसले. तिचे समाधान करण्यासाठी म्हणून महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी बडोद्याविषयी वाचू लागले आणि वाचता वाचता एका मुलापाशी येऊन थांबले. तो मुलगा वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत माझ्या आजीसारखाच निरक्षर होता. तोच पुढे श्रीमंत महाराज सयाजीराव गायकवाड झाला. त्यांचे चरित्र अनेकांनी लिहिले आहे आणि माझ्यासारख्या विद्यार्थिनीने त्यात नवी भर काय घालावी? तरीही आजीला जसे सांगितले तसे येथे सांगते.

नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ कवळाणे नावाचे खेडे आहे. तेथे काशीराव गायकवाड नावाचे शेतकरी राहात. बडोद्याच्या राजघराण्याशी त्यांचे नाते होते खरे, पण ते इतके दूरचे, की त्याचा त्यांच्या शेताला वा चुलीला काही उपयोग नव्हता. आनंदराव, गोपाळ आणि संपतराव ही त्यांची मुले. यांतल्या गोपाळाचा जन्म मार्च १८६३ मधला. गुरे राखणे, शेतातली कामे करणे हेच त्याचे शिक्षण.

इकडे बडोद्यात काय चालले होते? खंडेराव महाराजांना शौक भारी. त्यांनी चांदीच्या तोफा ओतवल्या, मोत्यांचा गालिचा विणवून घेतला. अर्थात याच खंडेरावांच्या राज्यात १८६२ साली डभोई ते मियागाव अशी छोटी रेल्वे झाली आणि सुरुवातीला तिचे डबे चक्क बैलांनी ओढले, हेही सांगितले पाहिजे. त्यांच्यामागून १८७० मध्ये त्यांचे बंधू मल्हारराव गादीवर आले. भावाने चांदीच्या केल्या म्हणून यांनी सोन्याच्या तोफा केल्या. रयतेवर कर वाढले, खजिना आटला. शेवटी इंग्रज रेसिडेंट कर्नल फेअर याच्यावर विषप्रयोग केल्याच्या आरोपावरून मल्हाररावांची चौकशी झाली. चौकशी मंडळातल्या हिंदी सभासदांना तो आरोप सिद्ध झाला असे वाटले नाही, इंग्रज सभासदांना वाटले. मल्हाररावांना १८७५ मध्ये पदच्युत करून मद्रासला पाठवण्यात आले. इंग्रजांनी राज्य खालसा केले नाही. खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली आणि दूरच्या नात्यातल्या मुलांचा शोध सुरू झाला.

त्या शोधात कवळाण्याची मुले बडोद्याला नेण्यात आली. आपल्याला येथे कशासाठी आणले आहे, असे प्रत्येक मुलाला विचारले गेले तेव्हा इतर मुले गोंधळली आणि गोपाळाने मात्र आपण राज्य करायला आलो आहोत असे सांगितले, अशी कथा प्रसिद्ध आहे. थोरांच्या चरित्रात अशी एखादी कथा असतेच. ती अगदी तशीच घडली असेल किंवा नसेल. मला त्या कथेपेक्षा पुढची गोष्ट अधिक नवलाची वाटते. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झाले, गोपाळाचे सयाजीराव झाले आणि त्याच्या हाती प्रथमच पाटी आली. बाराव्या वर्षी! आमच्या वर्गात उशिरा शाळेत आलेली मुले होती. लहान मुलांत मोठे अंग घेऊन बसताना त्यांची मान कशी खाली जाई, ते मी पाहिले आहे. येथे तर सगळे संस्थान त्या मुलाकडे बघत होते. इलियट नावाच्या इंग्रज शिक्षकाच्या देखरेखीखाली त्याने मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा एकदमच शिकायला घेतल्या. २८ डिसेंबर १८८१ रोजी त्याला राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले, तोवर अवघी साडेसहा वर्षे झाली होती.

मधल्या काळात राज्य चालवले ते दिवाण सर टी. माधवराव यांनी. माधवरावांनी कर्जे मिटवली, कर हलके केले, हिशेबाला शिस्त लावली. येथेच माझ्या मूळ विषयाला, म्हणजे पैशाला, सुरुवात होते.

बडोदे संस्थान म्हणजे एक छोटा देशच होता. सुमारे आठ हजार चौरस मैलांचा मुलूख, म्हणजे विलायतेतल्या वेल्सएवढा; १९०१ च्या शिरगणतीत लोकसंख्या साडेएकोणीस लाख. पण हा देश सलग नव्हता. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली असे त्याचे प्रांत गुजरातभर विखुरलेले आणि मधून मधून इंग्रजांचा किंवा दुसऱ्या संस्थानिकांचा मुलूख. नवसारी प्रांत आमच्यापासून फार लांब नाही. बिलिमोरा हे गायकवाडांचे बंदर. डांगच्या जंगलातले सागवान तेथे उतरे, आणि आमच्याकडच्या जुन्या होड्यांचे लाकूड तिकडूनच येई, असे बाबा सांगतात. किनारा एकच, समुद्र एकच. पण बिलिमोरा गायकवाडी आणि घिवली इंग्रजांच्या ठाणे जिल्ह्यात. या फरकाचा परिणाम काय झाला, ते पुढे येईलच.

या देशाचे नाणेसुद्धा वेगळे होते. त्याला बाबाशाही रुपया म्हणत. इंग्रजी रुपयापेक्षा त्याची किंमत कमी आणि ती सतत खालीवर होणारी. त्यामुळे हद्द ओलांडून माल विकणाऱ्याला दर वेळी सराफाच्या दारात जावे लागे आणि सराफ आपला बट्टा कापून घेई. १९०१ च्या सुमारास बाबाशाही बंद होऊन इंग्रजी रुपया चालू झाला. राजाच्या नावाचे नाणे जाणे ही मानहानीची गोष्ट होती. पण व्यापाऱ्याची आणि शेतकऱ्याची कटकट सुटली.

आणि बँका? जुन्या बडोद्यात बँक हा शब्द नव्हता, पेढी होती. हरिभक्ती, गोपाळराव मैराळ अशा मोठ्या पेढ्या. राज्याचा वसूल येण्याआधी सैन्याचा पगार द्यायचा असेल तर पेढीवाला पैसे पुरवी आणि नंतर वसुलातून व्याजासकट वळते करून घेई. याला पोतदारी म्हणत. वरवर पाहता सोय, पण हळूहळू राज्य सावकाराच्या मुठीत जाई. अरब शिबंदीचे पगार थकले, की शिबंदी वाड्याला वेढा घालून बसे आणि पेढीवाला जामीन राही तेव्हाच उठे, असे प्रकार एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झालेले आहेत. हे वाचताना मला आमच्याकडची उचल आठवली. हंगामापूर्वी जाळे आणि डिझेलसाठी नाखवा व्यापाऱ्याकडून उचल घेतो आणि मग सबंध हंगाम मासळी त्याच व्यापाऱ्याला, तो म्हणेल त्या भावाने घालतो. राजाची आणि नाखव्याची तऱ्हा एकच.

याला उत्तर शोधण्याचा पहिला प्रयत्न महाराजांनी नव्हे तर बडोद्यातल्या साध्या मध्यमवर्गीय माणसांनी केला, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. ५ फेब्रुवारी १८८९ रोजी विठ्ठल लक्ष्मण कवठेकर, ज्यांना भाऊसाहेब म्हणत, यांच्या पुढाकाराने अन्योन्य सहायकारी मंडळी स्थापन झाली. सभासदांनी थोडे थोडे पैसे जमवायचे आणि गरजू सभासदाला माफक व्याजाने द्यायचे, एवढाच तिचा व्याप. भारतातील सहकारी पतसंस्थांची ती आद्य संस्था मानली जाते. सरकारने सहकाराचा कायदा केला तो १९०४ साली, म्हणजे पंधरा वर्षांनी. म्हटले तर ती आमच्या बायकांची भिशीच. पण जमाखर्च लिहून ठेवणारी. ही संस्था पुढे सहकारी बँक होऊन शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली आणि २००७ नंतर अडचणीत सापडली. हे मी आजीला सांगितले नाही.

सयाजीराव प्रवासाचे मोठे शौकीन. १८८७ पासून ते वारंवार युरोपात जात. त्यांच्या या दौऱ्यांवर टीका झाली आणि ती सर्वस्वी चुकीची होती असे मला वाटत नाही. रयत दुष्काळात असताना राजा परदेशात असणे कुणालाही खटकेल, आणि १८९० मध्ये पुरा झालेला लक्ष्मीविलास राजवाडा काही थोड्या पैशात झाला नव्हता. पण एक मान्य करावे लागते. हा मनुष्य परदेशातून नुसत्या वस्तू आणीत नसे, तेथल्या संस्था कशा चालतात ते पाहून येई आणि चालवणारी माणसेही आणी. १९०६ मध्ये महाराणी चिमणाबाईंसह ते अमेरिकेत गेले. त्यानंतर राल्फ व्हाइटनॅक नावाचे एक अमेरिकन गृहस्थ आर्थिक सल्लागार म्हणून बडोद्यात आले. ग्रंथालयांसाठी १९१० मध्ये बोर्डन नावाचे दुसरे अमेरिकन आले.

२० जुलै १९०८ रोजी संस्थानाच्या १८९७ च्या कंपनी कायद्याखाली बँक ऑफ बडोदा स्थापन झाली. भरणा झालेले भांडवल दहा लाख रुपये. महाराजांबरोबर ज्यांनी तिची उभारणी केली त्यांत त्यांचे बंधू संपतराव गायकवाड होते, व्हाइटनॅक होते आणि मुंबईचे सर विठ्ठलदास ठाकरसी, लल्लुभाई सामळदास, तुळशीदास किलाचंद असे नामांकित व्यापारी होते. कवळाण्याच्या शेतकऱ्याची दोन मुले, एक अमेरिकन आणि मुंबईचे कापडवाले व कापूसवाले एका टेबलाभोवती बसले आहेत, हे चित्र मला फार आवडते. यांतले ठाकरसी आणि लल्लुभाई यांनी पुढे १९११ मध्ये मुंबईत सहकारी पतपेढ्यांना पैसा पुरवणारी मध्यवर्ती बँक काढली, तीच आजची महाराष्ट्र राज्य सहकारी बँक. सहकार क्षेत्रात ज्यांचे नाव आदराने घेतले जाते ते वैकुंठभाई मेहता हे याच लल्लुभाईंचे चिरंजीव.

वाचक विचारतील, राजाला बँक हवी तर त्याने खजिन्यातून काढावी, कंपनी कशाला? मलाही तोच प्रश्न पडला होता. आमच्या अर्थशास्त्राच्या सरांनी तो उलगडून सांगितला. खजिना राजाच्या मर्जीवर चालतो. राजा चांगला तर खजिना चांगला. पुढचा राजा सोन्याच्या तोफा ओतणारा निघाला तर ठेवीदाराचे काय? कंपनीला भागधारक असतात, संचालक असतात, दरसाल ताळेबंद छापावा लागतो. राजाचे नाव पाठीशी राहते, पण किल्ली एकट्या राजाच्या कमरेला राहात नाही. मल्हाररावांच्या रिकाम्या खजिन्यावर वाढलेल्या मुलाला ही गोष्ट कळली असावी, असा माझा तर्क आहे. तर्कच. कागदोपत्री तसा आधार मी पाहिलेला नाही.

बँकेची पहिली कसोटी लागली ती पाचच वर्षांनी. स्वदेशीच्या चळवळीत १९०६ नंतर हिंदी लोकांनी पुष्कळ बँका काढल्या होत्या. उत्साह अमाप, अनुभव कमी. बँक म्हणजे तिजोरी नव्हे. लोकांनी ठेवलेले पैसे ती दुसऱ्यांना कर्जाऊ देते आणि रोजच्या मागणीपुरते हाताशी ठेवते. सगळे ठेवीदार एकाच सकाळी दारात उभे राहिले तर चांगल्यातली चांगली बँकही घामाघूम होते. आणि पैसे सट्ट्यात अडकलेले असले तर संपलेच. सप्टेंबर १९१३ मध्ये लाहोरची पीपल्स बँक बुडाली. पाठोपाठ मुंबईची इंडियन स्पेसी बँक बुडाली. तिने चांदीच्या आणि मोत्यांच्या व्यवहारात भलताच पैसा गुंतवला होता. मग रांगच लागली. पुढच्या चार वर्षांत देशातल्या कितीतरी बँकांना टाळे लागले आणि कित्येक कुटुंबांची पुंजी गेली. त्यांच्या घरी माझ्या आजीसारख्या किती आज्या असतील!

बडोद्याची बँक त्या लाटेत तरली. १९१० मध्ये तिची अहमदाबादेला शाखा निघाली होती, १९१९ मध्ये मुंबईला निघाली.

महाराजांच्या चरित्रात लोक बँकेला एक ओळ देतात आणि शिक्षणाला चार पाने. माझ्या मते या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. १८९३ मध्ये अमरेली प्रांतातल्या मोजक्या गावांत त्यांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सबंध संस्थानाला लागू केला. मुलाला किंवा मुलीला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला दंड. मुलीला सुद्धा! सोनगडच्या जंगलपट्टीत आदिवासी मुलांसाठी त्यांनी वसतिगृह काढले. खेड्यापाड्यांत लाकडी पेट्यांतून फिरती वाचनालये गेली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये कलकत्त्याच्या विधिमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले तेव्हा बडोद्याचा दाखला दिला. पण सरकारने ते विधेयक पडू दिले. म्हणजे बिलिमोऱ्याच्या कोळणीची मुलगी दंडाच्या भीतीने का होईना शाळेत बसत होती, तेव्हा इंग्रजी अंमलाखालच्या घिवलीतल्या माझ्या पणजीला शाळा कशाशी खातात हेही ठाऊक नव्हते. पासबुक ज्याला वाचता येते त्यालाच बँक आपली वाटते. आजी अजून पैसे काढताना अंगठा उठवते आणि मग शाई पदराला पुसत, आकडा बरोबर आहे ना म्हणून माझ्या तोंडाकडे पाहते.

एक नाव येथे घेतलेच पाहिजे. १९१३ मध्ये महाराजांनी भीमराव रामजी आंबेडकर या तरुणाला अमेरिकेत शिकण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. कोलंबिया विद्यापीठात आंबेडकरांनी अर्थशास्त्र घेतले. शिष्यवृत्तीच्या करारानुसार १९१७ मध्ये ते बडोद्यात नोकरीला आले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी सरायीत नाव लपवून राहावे लागले आणि तेथूनही लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. ज्या राजाने परदेशी शिकवले त्याच्याच राजधानीत हे घडले. हा भाग वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. राजाचा हुकूम कचेरीपर्यंत चालतो, घरमालकाच्या उंबऱ्यापर्यंत चालत नाही, हे खरेच. तरी महाराजांना अधिक काही करता आले नसते का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. आंबेडकरांनी मात्र कृतज्ञता सोडली नाही. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा आपला ग्रंथ १९२५ मध्ये छापला तेव्हा त्यांनी तो सयाजीरावांना अर्पण केला. त्यापूर्वी १९२३ मध्ये त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ निघाला होता. मध्यवर्ती बँकेची शिफारस करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. ती मध्यवर्ती बँक, म्हणजे आपली रिझर्व्ह बँक, १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली.

१९११ च्या दिल्ली दरबारात सयाजीरावांनी बादशहापुढे रिवाजाप्रमाणे न लवता मुजरा उरकला आणि पाठ फिरवली, म्हणून इंग्रजी वर्तमानपत्रांनी काहूर केले. त्यांना खुलासा पाठवावा लागला. या प्रसंगावर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी तो वाढवीत नाही.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. ६३ वर्षांहून अधिक काळ ते गादीवर होते. दहा वर्षांनी, १ मे १९४९ रोजी, बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. छोटा देश नकाशावरून पुसला गेला. सोन्याच्या तोफा शोभेच्या झाल्या, शिक्के संग्रहालयात गेले. बँक राहिली.

इतकेच नव्हे, तिने समुद्र ओलांडला. १९५३ मध्ये केनिया आणि युगांडा येथे तिच्या शाखा निघाल्या, १९५७ मध्ये लंडनला. १९६१ मध्ये ती फिजीला पोहोचली, जेथे उसाच्या मळ्यांसाठी नेलेल्या हिंदी मजुरांची नातवंडे राहतात, आणि १९६२ मध्ये मॉरिशसला, जेथे अशाच तऱ्हेने गेलेली मराठी कुटुंबे आहेत. एका छोट्या देशाची बँक दुसऱ्या छोट्या देशांत गेली, असे म्हणायला हरकत नाही. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले त्यांत ती होती, देना बँकही होती.

इतर संस्थानांच्या बँकांचे काय झाले, ते मी कुतूहलाने पाहिले. सांगली संस्थानात १९१६ मध्ये निघालेली सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत मिळाली. होळकरांच्या इंदूरची १९२० ची बँक पुढे स्टेट बँकेच्या कुटुंबात गेली आणि २०१० मध्ये तिचे वेगळे नाव संपले. म्हैसूरच्या महाराजांच्या राज्यात विश्वेश्वरय्यांच्या प्रेरणेने १९१३ मध्ये निघालेली म्हैसूर बँक, निजामाच्या राज्यातली १९४१ ची हैदराबाद बँक, त्रावणकोर, पतियाळा, ही सगळी नावे २०१७ मध्ये स्टेट बँकेत विरून गेली. आमच्या गावातल्या कुणाकुणाकडे अशी नामशेष बँकांची पासबुके सापडतील. बडोद्याचे नाव मात्र अजून पाटीवर आहे, आणि २०१९ मध्ये ज्या दोन बँका बुडवायच्या नव्हत्या पण ज्यांचे नाव उरणार नव्हते, त्या याच नावाखाली आल्या.

हे सगळे मी आजीला एका संध्याकाळी, ओटीवर जवळा निवडताना सांगितले. कवळाण्याचा गुराखी, बाराव्या वर्षीची पाटी, तोफा, अमेरिकन माणूस, बुडालेल्या बँका. तोफांचे तिला विशेष वाटले नाही. संपतरावांचे ऐकून ती थोडी खूश झाली. राजा झाल्यावर भावाला विसरला नाही म्हणून. शेवटी तिने विचारले, की मग ती भिशीवाली बाई लिहिता-वाचता येणारी होती, तरी पळाली, त्याचे काय? मी म्हटले, तिच्यावर हिशेब तपासणारे कुणी नव्हते. आजीने जवळ्यातला एक खडा काढून अंगणात फेकला.

दुसऱ्या दिवशी तिने ट्रंक उघडून दोन्ही पासबुके माझ्यापुढे ठेवली आणि जुन्यातला शेवटचा आकडा व नव्यातला पहिला आकडा मोठ्याने वाचायला सांगितला. तो एकच होता. तिने मला तो पुन्हा एकदा वाचायला लावला.